धुक्याने बसवलेला पातळ थर आणि वायूची पारख: तालुक्याच्या महाविद्यालयात हे काम नीट होऊ शकेल का?

अडाणकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींनी यंदा प्रकल्पासाठी टिन ऑक्साइडचा पातळ थर निवडला आहे. टिन क्लोराइडच्या द्रावणाचे अतिशय बारीक धुके करायचे, ते तापलेल्या काचपट्टीवर सोडायचे, आणि काचेवर जो ऑक्साइड बसेल त्याचा विद्युत रोध अमोनियासारख्या वायूत किती बदलतो ते मोजायचे, अशी मूळ कल्पना आहे. थर चांगला जमला तर पुढे त्याच पद्धतीने कीटकनाशकाची वाफ ओळखता येईल का, असे त्या दोघींना फार वाटते. दोघींच्याही घरी कापूस आहे, म्हणून हा प्रश्न त्यांना केवळ गुणांपुरता नाही.

आमच्याकडे धुके करण्यासाठी सुमारे १.७ मेगाहर्ट्झची ध्वनिलहरी चकती, ५०० अंशांपर्यंत जाणारी तापपट्टी, तापमान मोजण्यासाठी एक थर्मोकपल आणि साधे मल्टिमीटर आहे. तीन महिन्यांत बारा काचा झाल्या. त्यांतल्या सात काचांवर खडूसारखी पांढरी भुकटी बसते आणि बोटाने पुसली जाते. उरलेल्यांवर थर आहे, पण डागाडागांचा. धुके काचेकडे जाण्याऐवजी वर उठून निघून जाते. चकती सोडून हवेच्या दाबावर चालणारे फवारा-नोझल घ्यावे का? आणि कीटकनाशकाची आशा मुळात योग्य आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

रसायनी

सर, आधी थेंबाच्या आकाराबद्दल लिहिते, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. ध्वनिलहरींनी द्रवाच्या पृष्ठभागावर ज्या सूक्ष्म लाटा उठतात, त्यांच्या शेंड्यांवरून थेंब सुटतात. लाट जितकी आखूड तितका थेंब लहान. १९६२ मध्ये लँग यांनी दिलेल्या सूत्रात पृष्ठताण, घनता आणि वारंवारता घातली, तर पाण्यासाठी १.७ मेगाहर्ट्झला साधारण ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा थेंब येतो. हवेच्या दाबाच्या नोझलमधून निघणारे थेंब दहापट, वीसपट मोठे असतात आणि शिवाय सारखे नसतात. ६० मायक्रॉनच्या एका थेंबात ३ मायक्रॉनचे आठ हजार थेंब मावतात, एवढे लक्षात घेतले तरी फरक कळतो.

आता त्या ३ मायक्रॉनच्या थेंबात ०.०५ मोलार द्रावण असेल आणि पाणी उडून सगळ्या कथिलाचे ऑक्साइड झाले, तर घट्ट गोळी उरेल ती सुमारे ०.३ मायक्रॉनची. द्रावण आठपट पातळ केले तर गोळीचा व्यास निम्मा होईल. म्हणजे कणाचा आकार आपल्या हाती दोन बाजूंनी येतो, चकतीच्या वारंवारतेने आणि द्रावणाच्या तीव्रतेने. ही सोय सोडून नोझलकडे जाण्याची घाई करू नये असे माझे मत आहे.

वावर आणि धुरा

मी शेतकरी आहे, बारावीपर्यंत विज्ञान शिकलो. रसायनशास्त्राचे मला फारसे कळत नाही, पण फवारणीचे कळते, म्हणून लिहितो. तणनाशकाला आम्ही पंख्यासारख्या पट्ट्याचे नोझल लावतो आणि किडीच्या औषधाला पोकळ शंकूचे, कारण तिथे बारीक थेंब पानाच्या खालच्या अंगाला लागावा लागतो. बारीक थेंबाचा गुण हाच आणि दोषही हाच. वारा असला की तो शेजारच्या वावरात जातो, आणि दुपारच्या उन्हात पऱ्हाटीच्या पानावर पोचण्याआधीच वाळतो. मग पानावर औषध ओले बसत नाही, नुसती पावडर राहते. सरांच्या काचेवरची पांढरी भुकटी वाचून मला तेच आठवले. नोझल फार उंच धरले जाते का?

मृगसरी

भाऊंनी बरोबर जागी बोट ठेवले आहे. मात्र थराच्या आधी श्वासाचा विचार व्हावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. टिन क्लोराइड आणि पाणी तापलेल्या काचेवर भेटले की ऑक्साइडबरोबर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. त्यातच ३ मायक्रॉनचे थेंब नाकात अडत नाहीत, ते फुप्फुसात खोलवर जातात. विद्यार्थिनी उघड्या टेबलावर काम करीत असतील तर ते आजच थांबवावे. शोषककक्ष, म्हणजे वायू बाहेर ओढून नेणारे कपाट, नसल्यास सर्व मांडणी काचेच्या बंद पेटीत घ्यावी आणि बाहेर जाणारी हवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून बुडबुड्यांनी न्यावी.

अडाणकाठ

मृगसरी ताई, आपली सूचना शिरसावंद्य. काम खिडकीजवळ चालत होते. ते बंद केले आहे आणि पेटी तयार होईपर्यंत पुन्हा सुरू करणार नाही.

वावर आणि धुरा, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की धुक्याची नळी काचेपासून २५ सेंटीमीटर वर होती. नोझलच्या पद्धतीत एवढे अंतर वाचले होते, तेच चकतीलाही वापरले.

पांढरमाती

तीच मोठी चूक झाली आहे, सर, आणि ती बहुतेकांकडून होते. माझे पीएच.डी.चे काम याच पद्धतीवर होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शेतकरी भाऊंनी उन्हाचे जे निरीक्षण सांगितले, ते या शास्त्रात १९७५ मध्ये व्हिग्ये आणि स्पिट्झ यांनी चार अवस्थांत मांडलेले आहे. तापमान कमी असेल तर थेंब ओलाच काचेवर आदळतो आणि तिथे वाळून डाग सोडतो. थोडे वाढले तर थेंब वाटेत वाळतो आणि कोरडा कण काचेवर पडतो. आणखी योग्य स्थितीत तो कण काचेच्या अगदी जवळ येऊन वाफ होतो आणि वाफेची अभिक्रिया काचेच्या पृष्ठभागावर होते. हीच हवी असलेली अवस्था, कारण तिच्यात थर घट्ट धरतो. त्याहून अधिक उष्णता मिळाली तर वाफेची अभिक्रिया हवेतच पुरी होते आणि खाली पडते ती केवळ भुकटी. थेंब जितका लहान तितक्या लवकर तो या अवस्था ओलांडतो. नोझलच्या मोठ्या थेंबाला २५ सेंटीमीटर लागतील, पण ३ मायक्रॉनचा थेंब तापलेल्या हवेत तेवढा प्रवास करूच शकत नाही.

दुसरी अडचण पडण्याची आहे. स्टोक्सच्या नियमाने हा थेंब स्थिर हवेत सेकंदाला पाव मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. तापपट्टीवरून वर उठणारी गरम हवा त्याच्या कितीतरी पट वेगाची असते. शिवाय गरम पृष्ठभाग बारीक कणांना स्वतःपासून दूर ढकलतो. आपल्याकडे माघात तुरीवर धुवारी (धुके) उतरते, कारण जमीन रात्रभर निवून गार झालेली असते. येथे जमीनच चारशे अंशांची आहे, तेव्हा धुवारी उतरावी कशी?

उपाय असा की धुक्याला उंचावरून सोडूच नये. काचेवर पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवून दुसरी पट्टी झाकणासारखी धरावी आणि त्या अरुंद फटीतून वाहक हवेबरोबर धुके आडवे न्यावे. जपानमधील क्योतो विद्यापीठात शिझुओ फुजिता यांच्या गटाने धुक्यापासून स्फटिकी ऑक्साइड थर वाढवण्याचे जे काम केले, त्यात अशा अरुंद वाहिनीचा उपयोग केलेला आहे. २००८ मध्ये त्यांनी याच मार्गाने नीलमण्याच्या पट्टीवर गॅलियम ऑक्साइड वाढवले. ही पद्धत निर्वात पंपाशिवाय चालते, हे आपल्यासारख्यांच्या दृष्टीने तिचे मोठे वैशिष्ट्य आहे.

तापमान पट्टीचे नव्हे, काचेच्या वरच्या पृष्ठभागाचे मोजावे. दोन्हींत तीस-चाळीस अंशांचा फरक सहज पडतो, आणि धुके सुरू झाल्यावर तो आणखी वाढतो. दोन मिनिटे धुके, एक मिनिट विश्रांती असे चालवल्यास काच पुन्हा तापते.

कापूसकोंडा

सर्व वाचले. सरांच्या कष्टांचा आदर ठेवून विचारतो. टिन ऑक्साइडचा तयार संवेदक (सेन्सर), एमक्यू मालिकेतला, बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मग विद्यार्थिनींनी वर्षभर धुके आणि काच यांत का घालवावे? तोच वेळ संवेदक गोठ्यात बसवून नोंदी घेण्यात गेला तर शेतकऱ्याला लवकर उपयोग होईल.

पांढरमाती

प्रश्न रास्त आहे. त्या तयार संवेदकाचा वंश जपानच्या नाओयोशी तागुची यांच्यापर्यंत जातो. त्यांनी १९६२ मध्ये टिन ऑक्साइडच्या संवेदकाचे पेटंट मागितले आणि १९६८ पासून तो बाजारात आला. घरगुती वायूची गळती ओळखण्यासाठी तो उत्तमच आहे. परंतु तो अमोनियालाही हलतो, मद्यार्कालाही हलतो, धुरालाही हलतो. तो कशामुळे हलला, हे सांगायचे तर आत काय घडते ते कळले पाहिजे.

ऑक्साइडच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि कणातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे कणाच्या कडेला इलेक्ट्रॉन कमी झालेली साल तयार होते आणि रोध वाढतो. अमोनिया आला की तो त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, इलेक्ट्रॉन परत मिळतात आणि रोध उतरतो. टिन ऑक्साइडमध्ये या सालीची जाडी सुमारे ३ नॅनोमीटर असते. कण ६ नॅनोमीटरच्या आत आला की दोन्हीकडची साल मिळून सगळा कणच तिच्यात येतो, आणि संवेदनक्षमता एकदम चढते. यामाझोए यांच्या गटाने १९९१ मध्ये हे दाखवले. रसायनी ताईंनी सांगितलेली ०.३ मायक्रॉनची गोळी प्रत्यक्षात अशा बारीक स्फटिकांचा समूह असते. तिच्या आतले स्फटिक किती मोठे होतील हे तापमानाने आणि नंतर किती वेळ भाजले यावरून ठरते. धुक्याची पद्धत हातात असली की यातली प्रत्येक गोष्ट बदलून पाहता येते. विकतच्या संवेदकात ते शक्य नाही.

कापूसकोंडा

समजले. तरीही एक तयार संवेदक शेजारी ठेवून तुलना करावी, ही सूचना कायम ठेवतो.

अडाणकाठ

ही सूचना स्वीकारली. दोन संवेदक मागवले आहेत.

रसायनी

आता कीटकनाशकाबद्दल. येथे मला स्पष्टपणे नाही म्हणावे लागेल, आणि ते मी विचारपूर्वक म्हणते आहे.

प्रोफेनोफॉससारख्या औषधाची स्वतःची वाफ अत्यंत कमी असते. बाटली उघडल्यावर जो वास येतो त्यात सुगंधी हायड्रोकार्बन द्रावकांचा मोठा वाटा असतो, कारण पाण्यात मिसळणाऱ्या तेलकट औषधांत तेच भरलेले असतात. टिन ऑक्साइडचा थर त्या द्रावकाला जोरात प्रतिसाद देईल आणि आलेखावर सुंदर उतार दिसेल. चार तासांनी द्रावक उडून गेल्यावर तोच थर शांत होईल, पण विष पानावर, सदऱ्यावर, पंपाच्या पट्ट्यावर तसेच असेल. असे उपकरण शेतकऱ्याच्या हाती देऊन आपण त्याला 'आता धोका नाही' असे सांगितल्यासारखे होईल. विद्यार्थिनींचा हेतू चांगला आहे, म्हणूनच हे आधी सांगणे मला आवश्यक वाटते.

धुक्याच्या पद्धतीचा या कामी दुसरा उपयोग मात्र आहे, आणि तो ऑक्साइडचा नव्हे, चांदीचा. चांदीच्या नॅनोकणांवर बसलेल्या रेणूचा रामन प्रकाश, म्हणजे रेणूवरून विखुरताना रंग किंचित बदललेला प्रकाश, लाखोपटीने वाढतो. ही गोष्ट १९७४ मध्ये साउदम्प्टन येथे फ्लाइशमन यांच्या गटाला खरखरीत चांदीवरच्या पिरिडीनमध्ये प्रथम दिसली, आणि १९७७ मध्ये तिचे खरे स्वरूप ओळखले गेले. रामन वर्णपटात प्रत्येक रेणूची स्वतःची ओळख असते, त्यामुळे द्रावक आणि विष वेगळे ओळखता येते. थायरमसारखे गंधकयुक्त बुरशीनाशक चांदीला घट्ट धरते, म्हणून सुरुवात त्याने करावी.

आता धुके कशासाठी? चांदीचे कण असलेल्या द्रावणाचा थेंब पिपेटने काचेवर ठेवला की तो वाळताना कण कडेला जमतात, चहाच्या कपाखाली गोल डाग उठतो तसा. मध्ये काही नसते आणि कडेला भरमार, त्यामुळे एकाच पट्टीवर दोन ठिकाणी दोन उत्तरे येतात. धुक्याचे हजारो सूक्ष्म थेंब थराथराने बसवले आणि प्रत्येक थर वाळू दिला, तर वाटणी पुष्कळ सारखी होते. काच ७०-८० अंशांवर ठेवली तरी पुरते. पट्ट्या मात्र हवाबंद ठेवाव्या लागतात, कारण हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. वर्णपटमापक महाविद्यालयात नसेल, त्यासाठी विद्यापीठात वेळ मागावा लागेल.

बेंबळा

चांदीकडे वळणार असाल तर एक अनुभव. आमच्या येथे चांदीचे कण करण्यासाठी सिल्व्हर नायट्रेट पाण्यात टाकताच द्रावण दुधासारखे झाले. बाटली बदलली, रसायन बदलले, आठवडा गेला. दोष पाण्याचा होता. शुद्ध म्हणून गॅरेजमधून आणलेल्या बॅटरीच्या पाण्यात क्लोराइड होते. बोअरच्या पाण्याचे तर विचारायलाच नको. तेव्हापासून कोणतेही पाणी आले की आधी परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकतो, आणि गढूळ झाले तर ते प्रयोगाला वापरत नाही. हे पाणी टिन ऑक्साइडलाही चालणार नाही, कारण त्यातले कॅल्शियम आणि सोडियम थरात जाऊन बसतात.

आणखी एक. क्लोराइडच्या आम्लधर्मी द्रावणात चकती थेट बुडवू नये, तिचा धातूचा लेप खाल्ला जातो. चकती साध्या पाण्यात ठेवावी आणि तिच्यावर पातळ प्लास्टिकचा तळ असलेले भांडे धरून त्यात द्रावण घ्यावे. लहरी तळातून आरपार जातात.

टिपूर

वीज किती वेळ असते? आमच्याकडे दुपारी जाते. चालू धुक्यात पट्टी निवली की अख्खी काच वाया जाते.

अडाणकाठ

आमच्याकडेही तीच स्थिती आहे. पहाटे साडेपाच ते नऊ या वेळेत काम करण्याचे ठरवले आहे. विद्यार्थिनी शेजारच्या गावाहून येतात, म्हणून त्यांच्या पालकांशी बोलून एकीच्या मावशीकडे राहण्याची सोय केली.

वावर आणि धुरा

रसायनी ताईंचे लिहिणे दोनदा वाचले. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त माणसे गेली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि माणूस औषधाच्या धुक्यातून चालत होता. आमच्या गावातला एक मजूर पंधरा दिवस दवाखान्यात होता. त्यामुळे 'वास गेला म्हणजे विष गेले' हे आमच्या लोकांना कोणी यंत्र दाखवून सांगू नये, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

तरीही त्या पोरींनी हात आखडता घेऊ नये. माझ्याकडे कोंबड्यांचे शेड आहे. पावसाळ्यात खालचा भुसा ओला झाला की अमोनियाने डोळे चुरचुरतात, आणि आत राहून राहून आम्हाला त्याचा वासच कळेनासा होतो. पक्ष्यांचे डोळे सुजल्यावर समजते. तिथे हा थर खरा उतरला तर मला आजच पाहिजे. शेड वापरायला देतो.

मृगसरी

हा प्रस्ताव सोन्यासारखा आहे. माणसाने आठ तास काम करायचे तर अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आत असावा अशी अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. म्हणजे मोजायची पातळीही ठरली.

पांढरमाती

शेडमध्ये नेण्याआधी अंशांकन, म्हणजे ठाऊक असलेल्या प्रमाणाच्या वायूत थराचे उत्तर तपासणे, काटेकोर करावे, कारण फसगत होते ती येथेच. दहा लिटरच्या काचपेटीत २५ पीपीएम म्हणजे अमोनियाचा अवघा पाव मिलिलिटर वायू. अमोनियाचे पाण्यातले द्रावण पातळ करून मोजका थेंब पेटीत उडवतात, ती पद्धत ठीक आहे. पण त्या थेंबाबरोबर पाणीही उडते, आणि टिन ऑक्साइड पाण्याच्या वाफेलाही रोध उतरवूनच उत्तर देतो. दर वेळी तेवढेच नुसते शुद्ध पाणी उडवून वेगळी नोंद घ्यावी.

अडाणकाठ

साडेतीन महिन्यांनी परत येत आहे. उशिराबद्दल क्षमस्व.

पेटी झाली, सोड्याच्या पाण्याची बाटली लागली, आणि सहा मिलिमीटर फटीची वाहिनी दोन काचपट्ट्यांमध्ये ॲल्युमिनियमचे तुकडे ठेवून बनवली. काचेचा पृष्ठभाग ३८० अंशांवर ठेवला. पहिल्याच आठवड्यात भुकटी थांबली. आता थर बोटाने निघत नाही आणि प्रकाशात तिरपा धरला की एकसारखा फिका जांभळट रंग दिसतो. नळीच्या तोंडाकडे तो थोडा जाड आहे, म्हणून मोजणीसाठी मधला भागच कापून घेतो.

अंशांकनात मात्र पांढरमाती सरांनी सांगितलेल्या खड्ड्यातच आम्ही पडलो. २५ टक्क्यांचा अमोनिया शंभरपट पातळ करून त्याचे ७० मायक्रोलिटर पेटीत उडवले, तेव्हा रोध इतका उतरला की दोघी आनंदाने माझ्या खोलीत धावत आल्या. मग नुसते ७० मायक्रोलिटर पाणी उडवले. निम्म्याहून अधिक उतार तसाच आला. हिशेब केल्यावर कळले की दहा लिटर हवेत तेवढे पाणी म्हणजे सापेक्ष आर्द्रतेत जवळपास तीस टक्क्यांची भर आहे. आता अमोनिया फक्त दहापट पातळ करतो आणि ७ मायक्रोलिटर उडवतो. आर्द्रतेची भर तीन टक्क्यांवर आली. उतार लहान झाला, पण पाचही वेळा जवळजवळ सारखा आला, आणि पाण्याच्या नोंदीपासून तो स्पष्ट वेगळा आहे. तयार संवेदकानेही पाण्याला उतार दिला, हे कापूसकोंडा यांना मुद्दाम कळवतो.

त्या दिवशी एकीचे डोळे भरून आले होते. दुसरीने वहीत पाण्याच्या नोंदीचा रकाना अमोनियाच्या आधी आखला.

शेडमधील पहिली मोजणी भाद्रपदातल्या पावसाळी दिवसांत झाली. आर्द्रता सतत नव्वदीच्या पुढे असल्याने मूळ रोधच दर तासाला सरकत होता, त्यामुळे त्या नोंदी आम्ही प्रकल्पात घेतलेल्या नाहीत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा जाणार आहोत. त्या वेळी थरासोबत आर्द्रतामापक त्याच उंचीवर, पक्ष्यांच्या डोक्याच्या पातळीला बसवावा असे दोघींचे म्हणणे आहे.

वावर आणि धुरा

सर, शेड तयार आहे. पक्ष्यांची नवी तुकडी दिवाळीच्या आठ दिवसांनी येते. भुसा अगदी कोरडा असताना पहिली मोजणी घ्या आणि मग रोज एक, म्हणजे अमोनिया वाढत जाताना सापडेल.

रसायनी

आणि चांदीच्या पट्ट्या? थायरमचे प्रमाणित द्रावण मी इकडून करून देऊ शकते. तीव्रता किती हवी ते कळवा.

अडाणकाठ

ताई, आपले खूप आभार. विद्यापीठाकडून डिसेंबरचे दोन दिवस मिळाले आहेत. पट्ट्या त्याच आठवड्यात करतो, म्हणजे काळवंडणार नाहीत. तीव्रतेबद्दल दोघींशी बोलून उद्या लिहितो.